सुदृढ बालक, नंबर पहिला

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "नोकरीतले अनुभव लिहा मावशी," त्या म्हणाल्या, "पण सणाचा अंक आहे, जरा हलकंफुलकं ठेवा." मी "बरं" म्हटलं. समोरच्याला आधी "बरं" म्हणायचं आणि मग आपल्या मनाचं करायचं, एवढ्या एका कौशल्यावर मी एकतीस वर्षं नोकरी काढली. आताही तेच करणार आहे. सुरुवातीला थोडं हसवीन, पुढचं माझ्या हातात नाही.

परतूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथालय परिचर होते. पुस्तकं झटकायची, कपाटात लावायची, ग्रंथपाल सरांना चहा आणायचा. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात मी लेकरं सांभाळली. कॉलेजात शिकणाऱ्या पोरींची लेकरं. शहरातल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. आमच्याकडं पोरगी बारावीच्या आसपास असतानाच लग्न उरकतात. बहुतेकींची वही तिथंच मिटते. एखादी हट्टी निघते. ती नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून, काखेत लेकरू आणि पिशवीत वही घेऊन येते, ग्रंथालयाच्या दारात उभी राहते आणि विचारते, "मावशी, याला कुठं ठेवू?"

पहिली अशी पोरगी आली तेव्हा आमचे ग्रंथपाल सर फार गडबडले. बिनलग्नाचे होते बिचारे. चष्मा पुसत म्हणाले, "मावशी, याची नोंद कोणत्या रजिस्टरात करायची?" मी म्हटलं, "संदर्भ विभागात ठेवते सर. तिथलं बाहेर द्यायचं नसतं."

ग्रंथालयामागं जुन्या वर्तमानपत्रांची खोली होती. तिथल्या लोखंडी मांडणीला मी माझं जुनं लुगडं बांधून झोळी केली. पाटी नाही, ठराव नाही. प्राचार्यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून गेले. आमच्या खात्यात यालाच मंजुरी म्हणतात.

या कामातलं खरं शास्त्र वेगळंच आहे. लेकराचं रडणं परीक्षेच्या हॉलपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे पहिलं. का, तर अंगावर पिणारं लेकरू रडलं की तिकडं आईला पान्हा फुटतो. पेपर लिहिता लिहिता पोलकं ओलं होतं. देखरेखीला पुरुष माणूस असला की पोरगी उठून बाहेर जाऊ का, असंही विचारू शकत नाही. म्हणून पेपरच्या दिवशी मी पोरींना पदर दुहेरी करून घ्यायला लावायची आणि लेकराला रडायच्या आधीच उचलायची. कोणतं लेकरू किती वाजता कुरकुरणार हे मला घंटेपेक्षा बराबर कळायचं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एक सासूबाई परीक्षेला सुनेसोबत आल्या, आणि माझं आडनाव विचारलं. सांगितलं. आमचं बौद्ध आडनाव ऐकून त्यांनी नातू घट्ट धरला आणि तीन तास खोलीबाहेर उन्हात बसल्या. दुसऱ्या पेपरला सावलीत सरकल्या. तिसऱ्या पेपरला नातवाला ताप होता, तेव्हा आत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या हाताला गुण हाये म्हणतात." मी म्हटलं, "आडनावाला न्हाई ना?" त्या हसल्या नाहीत. पण लेकरू दिलं.

शनिवारी शेवटचा तास रिकामा असायचा. तेव्हा आम्ही सगळ्या लेकरं घेऊन मैदानातल्या लिंबाखाली बसायचो. दवाखान्यातली नर्सबाई काटा घेऊन यायची, वजनं करायची. एखादा नवराही लाजत लाजत यायचा. दुचाकीवर हात ठेवून लांब उभा राहायचा, आणि आपल्या पोराचं वजन वाढलेलं ऐकून दुसरीकडं बघत हसायचा. तास-दीड तासाचा तो कार्यक्रम. पण त्या पोरींना वर्षभरात तेवढीच एक जागा होती, जिथं त्या एकाच वेळी विद्यार्थिनीही होत्या आणि आयाही.

इथवर हलकंफुलकं झालं. आता माझ्या मूर्खपणाकडं येते. आधी एक सांगते : पुढची नावं बदललेली आहेत. जिची ही गोष्ट, तिला विचारून लिहितेय. या वेळी विचारलं. ती म्हणाली, "लिहा मावशी. आजकालची पोरं दिवाळी अंक कुठं वाचून राह्यलीत."

आमच्या त्या खोलीचा एक न सांगितलेला नियम होता. लेकराचं नाव विचारायचं, दुखणं विचारायचं, काय खातं ते विचारायचं. जन्मतारीख विचारायची नाही. लेकराचं वय आणि आईचं वय एका कागदावर येऊ द्यायचं नाही. दोन्ही एकत्र आली की कुणीही वजाबाकी करतं, आणि लग्नाच्या वेळी पोरगी किती वर्षांची होती ते उघडं पडतं. नर्सबाईला हा नियम ठाऊक होता, ग्रंथपाल सरांना ठाऊक होता, प्राचार्यांना तर होताच. कुणी कुणाला शिकवला नव्हता. मीही बारा वर्षं तो पाळला. तो बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच्या आडोशाला पोरी शिकत होत्या आणि त्याच आडोशाला आणखी पोरींची लग्नं लागत होती.

मग एका गॅदरिंगला माझ्या डोक्यात आलं : आपल्या लेकरांची सुदृढ बालक स्पर्धा का ठेवू नये?

तेव्हाची मी डोळ्यांसमोर आणते आणि मला हसू येतं. एक्कावन्न वर्षांची बाई, पायात नवी चप्पल, हातात स्केचपेनं. माझं अक्षर सुंदर होतं. अजून आहे. कॉलेजातले सगळे फलक मीच लिहायची, आणि कुणी "मावशी, काय अक्षर आहे!" म्हटलं की दिवसभर न जेवता राहू शकायची. फलकावर लावायला प्रत्येक लेकराचं एक कार्ड केलं. वर लाल रंगात नाव, खाली निळ्यात आईचं नाव, वर्ग, वजन. मांडून पाहिलं तर खाली जागा मोकळी दिसत होती. फलकावर मोकळी जागा मला बघवत नसे. मग एक ओळ वाढवली : जन्मतारीख आणि आईचं वय. बारा वर्षांचा नियम मी कार्ड भरलेलं दिसावं म्हणून मोडला.

रेखा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वाटूरच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. तिचं पोरगं अजय, दोन वर्षांचं, वजनदार, गालावर तीट लावलेलं. तिला जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "तारीख म्हायीत न्हाई मावशी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाला. मी फडावर होते." पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. आणि तिचं माहेर त्या महिन्यात अंकुशनगरच्या बाजूला ऊसतोडीला गेलेलं. म्हणजे माहेर म्हणजे उसाच्या पाचटाची खोप. त्या खोपीत अजय जन्मला. नोंद कुठं करणार, गावात की फडावर? कुठंच झाली नाही. महिन्याभराचं लेकरू घेऊन या पोरीनं बारावीची परीक्षा दिलेली.

मी जुनं कॅलेंडर शोधून तारीख काढली. केवढा अभिमान मला! अजयच्या नावानं या जगात लिहिला गेलेला पहिला कागद माझ्या अक्षरात होता.

गॅदरिंगला जिल्ह्याहून एक अधिकारी बाई पाहुण्या आल्या. अजयचा पहिला नंबर आला, रेखाच्या हातात स्टीलचा डबा दिला, टाळ्या झाल्या. दत्ता, म्हणजे रेखाचा नवरा, मागं उभा राहून बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होता. बाई फलकासमोर उभ्या राहिल्या. वाचलं, परत वाचलं. फोटो काढणारे मोबाईल तेव्हा नवे होते, त्यांनी पर्समधून तो काढला आणि अजयच्या कार्डाचा फोटो घेतला. मला वाटलं, अक्षर आवडलं. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, इकडून घ्या, तिकडं सावली पडून राह्यली."

त्या माझ्याकडं वळल्या. "या मुलीचं लग्न कधी झालं?"

प्राचार्यांनी चहा पुढं केला. ग्रंथपाल सरांनी चष्मा काढला. आणि मी, अजूनही हसत उभी असलेली, तेव्हा कुठं वजाबाकी केली.

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. "चौकशीला पाठवावं लागेल," एवढंच म्हणाल्या. त्या जालन्याला पोचायच्या आत बातमी गावात पोचली. दुसऱ्या दिवसापासून रेखा यायची बंद झाली. परीक्षेला महिना राहिलेला.

चौथ्या दिवशी तिची सासू गयाबाई माझ्या खोलीत आली. रेखा मागं, कडेवर अजय. गयाबाई वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"तुमी आमच्या पोराला नंबर दिला मावशी. लई उपकार झाले. आता माझ्या दत्त्याला बेड्या घालायला येऊन राह्यलेत."

"असं लगेच काही होत न्हाई गयाबाई."

"तुमाला काय? तुमी लिवून मोकळ्या झाल्या. आता तुमीच मोडा."

"काय मोडू?"

"ते नाव. मंगलच्या नावावर करा पोरगं. माझी थोरली सून. चोवीस वर्साची हाये, लगन कायद्यात बसतं. सहा वर्सं झाली, तिची कूस उघडली न्हाई. तिचं लेकरू म्हणून लिवा. कागदावर वो! घरात कोण काय बदलून राह्यलंय? पोरगं त्याच घरात, त्याच ताटात."

"आणि रेखाची परीक्षा?"

"तुमी लिवून दिलं तर देऊ देते. न्हाई तर उद्या तिच्या मायबापाकडं फडावर धाडते. पट्टा पडंस्तोवर तिकडंच. कुणी इचारायला नको अन् कुणी सांगायला नको."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. तोवर परीक्षा होऊन गेली असती. आणि एकदा हातात कोयता आला की वही परत येत नाही, हे मी पुष्कळ पोरींचं पाहिलं होतं.

मी रेखाकडं पाहिलं. ती झोळीच्या गाठीकडं बघत होती. अजय तिचा पदर ओढत होता, त्याला प्यायचं होतं. मी तिला काही विचारलं नाही. गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असं मी धरलं. धरायला सोपं होतं. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं तेही खरंखरं सांगते : मला वाटलं, वा, किती हुशारीनं सुटका झाली! पोरगीही वाचली, दत्ताही वाचला, आणि माझी चूकही झाकली गेली. कागदच तर आहे.

अर्ज मी लिहिला. "फलकावर बालकाच्या आईचे नाव माझ्याकडून नजरचुकीने चुकीचे लिहिले गेले." खाली सही. आणि नवीन कार्ड केलं : आईचं नाव मंगल. तेच लाल, तेच निळं. या कार्डावर मी जागा मोकळी ठेवली. चौकशीला रेखाच्या गावचे ग्रामसेवक आले. दोन्ही कागद वाचले, माझ्याकडं बघितलं, रेखा कुठं बसते ती जागा बघितली, झोळी बघितली. "मावशी, अक्षर भारी हाये तुमचं," म्हणाले आणि गेले. प्रकरण मिटलं.

रेखा परीक्षेला आली. एकटी. लेकरू जावेचं असेल तर तिनं ते कॉलेजात कशाला आणायचं? दोन वर्षांचं पोर, अजून अंगावर पिणारं, एका दिवसात तोडलं. पहिल्या पेपरनंतर ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि मांडणीकडं तोंड करून उभी राहिली. पोलक्याच्या पुढं दोन ओले गोल. रिकामी झोळी तिच्या खांद्याला लागत होती. बाहेर दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मी धावत जाऊन ते उचललं. ते रडणं बंद केलं म्हणजे तिचा पान्हा थांबेल, एवढंच मला सुचलं.

ती पास झाली. पुढं पदवी झाली, बी.एड. झालं. आता परतूरमधल्या एका खाजगी शाळेत शिकवते. मी इतकी थोर, की माझ्या निरोपसमारंभात तिचं उदाहरण दिलं! "एका मुलीची परीक्षा वाचवण्यासाठी मी नियम बाजूला ठेवला," असं म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. माझी नात तो व्हिडिओ लावते तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवते.

घरात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. चौकशीला परत कुणी आलं आणि पोरगं चुकून रेखाला आई म्हणालं तर? म्हणून त्या महिन्यात त्याला शिकवलं, ही आई, ही काकू. दोन वर्षांचं लेकरू, आठ दिवसांत शिकलं. चुकलं की गयाबाई खाऊ काढून घ्यायची. धोका टळला, पण ते परत उलटं शिकवायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या कार्डावरून अंगणवाडीत नाव लागलं, अंगणवाडीवरून शाळेत, शाळेवरून आधारवर. आणि मंगल. तिला आईचं नाटक करायला सांगितलं होतं, तिनं ते केलंच नाही. तिनं खरंच पोरगं वाढवलं. त्याला गोवर निघाला तेव्हा तीच उशाशी होती. रेखा दाराशी उभी राहून विचारायची, "ताप उतरला का, ताई?" पुढं रेखाला पोरगी झाली. ती रेखाला आई म्हणते, तिचा सख्खा भाऊ काकू म्हणतो, आणि एका ताटलीत दोघं भांडतात.

गेल्या वर्षी मंगल वारली. पोटाचं दुखणं, उशिरा कळलं. अजयनं अग्नी दिला, डोकं भादरलं.

या उन्हाळ्यात रेखा माझ्या घरी आली. अजयची बारावी झाली, त्याला आमच्याच कॉलेजात घालायचं, तर कोण ओळखीचं आहे का, असं काहीतरी निमित्त होतं. पाठीचा कणा ताठ, चष्मा, हातात शाळेची डायरी. मी चहा टाकला आणि कितीतरी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले.

"रेखा, आता कुणाची भीती न्हाई. मी लिहून देते. तहसीलला येते, कोर्टात येते. त्याला घेऊन ये, मी त्याला समोर बसवून सांगते."

"काय सांगता?"

"की तू त्याची आई आहेस."

तिनं कप खाली ठेवला. "मावशी, त्याची आई मेली. सहा महिने त्यो नीट जेवला न्हाई. आता तुमी त्याला सांगणार, की ती तुझी आई नव्हती? मंग त्यो रडला कुणासाठी?"

मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला.

"दहाव्याला," ती म्हणाली, "त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणला, काकू, आता मला कुणीच न्हाई. मी म्हणले, मी हाये ना. त्यो म्हणला, तू हायेस गं, पण." ती डायरीचं रबर बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

मी विचारलं, "तेव्हा, त्या दिवशी खोलीत, मी तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

तिनं विचार केला. शिकवणाऱ्या बाईसारखा, प्रामाणिक.

"म्हणले असते, लिहा."

मला जरा हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "पण इचारायला पायजे होतं."

बाहेर गाडी थांबली. अजय तिला न्यायला आला होता. उंच झालाय, मिसरूड फुटलंय, हसला की तिच्यासारखाच उजवीकडं हसतो. कुणालाही दिसेल असं. "चला काकू, मला जल्दी हाये," म्हणत आत आला. रेखानं ओळख करून दिली, "या मावशी. मी कॉलेजला होते ना, तवा यांनी मला लई सांभाळलं. यांच्यामुळं मी शिकले."

"काकू सांगत असते तुमच्याबद्दल," तो म्हणाला, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत. घेतले असते, तर त्यानं कारण विचारलं असतं.